परदेशस्थ मालकाची बाकी

नियम मोडलेला मला खपत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पोळी करपली तर मी मुकाट्यानं खाईन, पण पावतीवर तारीख नसेल तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आमची शारदा म्हणते, "लग्नात तुम्ही भटजींकडून माझी पोच घेतली होती का हो?" घेतली असती तर बरं झालं असतं, असं मला अनेकदा वाटलेलं आहे.

मी मार्तंड, मूळचा तुळजापूरचा. त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात मी करजवाडीच्या ग्रामपंचायतीचा सेक्रेटरी होतो. जळकोटहून चार मैल आत, एकशे तीस उंबऱ्यांचं गाव. मला तिथं येऊन आठच महिने झाले होते, पण तेवढ्यात मी दप्तर असं लखलखीत केलं होतं की सरपंच रामलिंगअप्पासुद्धा कपाटाला हात लावायच्या आधी धोतराला हात पुसत. गाव मला मान देत होतं. मागं हसतही असणार, पण ते दप्तरात येत नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी एक गृहस्थ कचेरीत आला. अंगात टेरिलीनचा बुशशर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, काखेत ट्रान्झिस्टर. खुर्चीवर बसण्याआधी त्यानं खुर्ची रुमालानं झटकली. माझी खुर्ची! मी ती रोज स्वतः पुसतो.

"सेक्रेटरीसाब, म्या आयुब. सायराबीचा भाऊ. बेबाकीचा दाखला पायजे होता."

बेबाकीचा दाखला म्हणजे या माणसाकडे गावाचं काही येणं नाही, असा कागद. आमच्याकडे निजामाच्या अमलापासून हाच शब्द चालतो.

"कशासाठी?" मी विचारलं.

"बारा वर्सं झाली, म्या बहारीनला असतो. तेलाच्या कंपनीत फिटर हाय. आता जहाजात चढायच्या आधी मुंबईच्या आयकर कचेरीचा कागद दावावा लागतो, का ह्या माणसाकडं हिंदुस्थानचा कसलाबी कर बाकी न्हाय. तिथला साहेब म्हणला, तुमी परदेशात ऱ्हाता, पर गावाकडं घर-जमीन हाय ना? मग आधी तिथला दाखला आणा. सोळा जूनला जहाज हाय. बायकापोरं मुंबईला सासऱ्याकडं सोडून आलोय. चार दिवसांत परत जायचंय."

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. आमच्या वहीत मालकांचे दोनच प्रकार होते, गावात राहणारे आणि परगावी राहणारे. परगावी म्हणजे सोलापूरच्या गिरणीत गेलेले चारसहा जण. परदेशात राहणारा मालक या दप्तराच्या नशिबी पहिल्यांदाच येत होता. मी कोरं पान काढलं, पट्टी ठेवून रेघ मारली आणि तांबड्या शाईनं मथळा घातला, 'परदेशस्थ मालक'. अक्षर फार सुरेख आलं.

मग तपासायला बसलो. आठ एकरांचा सारा सायराबीनं दरसाल तलाठ्याकडे भरलेला होता. घरपट्टी भरलेली, पावत्या जागच्या जागी. आयुब ट्रान्झिस्टरचं बटण फिरवत होता. मी शेवटची वही उघडली, आणि तिथं अडलं.

ती वही बारवेची होती. करजवाडीला पिण्याच्या पाण्याची एकच जागा, जुनी पायऱ्यांची बारव. दर वैशाखात पाणी तळाला गेलं की गाव तिचा गाळ काढतं. प्रत्येक उंबऱ्यानं दोन दिवस राबायचं, रोज दहा घरं, असं सव्वीस दिवस काम चालतं. पायऱ्यांवर रांग लावून गाळाच्या पाट्या हातोहात वर द्यायच्या. याला पाळी म्हणत. पूर्वी म्हणे पाटलानं आपल्या पाळीला मजूर पाठवले, त्याचं बघून सगळ्यांनी पाठवले, मजुरांनी वरवरचा चिखल हलवला आणि त्या साली गाव तहानेनं कासावीस झालं. तेव्हापासून ठराव झाला की पाळी ही गावाची पट्टीच समजावी, पण ती पैशानं फिटत नाही आणि मजुरानं फिटत नाही. घरच्या माणसानंच हात लावायचा. बावन्न साली पंचायत आली आणि तो ठराव दप्तरात चढला.

आयुबच्या नावापुढे बावन्नपासून बासष्टपर्यंत सगळे रकाने कोरे होते.

"अकरा वर्षांचे बावीस दिवस," मी म्हणालो, "आणि यंदाचे दोन. चोवीस दिवसांची पाळी बाकी आहे. दाखला देता येत नाही."

त्यानं चष्मा काढला. "पैसे सांगा, साब."

"पैशानं फिटत नाही."

"मग चोवीस माणसं लावतो!"

"मजुरानं फिटत नाही."

"अवो, म्या तिकडं समुद्रापल्याड असताना हितं गाळ कसा काढणार? काय न्याय हाय का हा?"

"बारवेचं पाणी तुमच्या घरात रोज येतं. मालक समुद्रापल्याड आहे म्हणून घागर मागं फिरलेली मी ऐकलेली नाही."

हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की घरी जाऊन शारदाला सांगितलं. ती म्हणाली, "किती दुष्ट हो तुम्ही!"

आयुब तावातावानं उठला आणि रामलिंगअप्पांना आणि आपल्या बहिणीला घेऊन आला. सायराबी पन्नाशीची, काटक बाई. नवऱ्याच्या माघारी भावाच्या घरात राहून त्याची जमीन कसत होती. आई लवकर गेल्यामुळे आयुबला तिनंच वाढवलेलं. मी तिच्यापुढे वही उघडून धरली, तिला वाचता येत नव्हतं तरी.

"आपा, तुमीच सांगा ह्यांना," आयुब बहिणीला म्हणाला. "चोवीस दिवस म्हणत्यात!"

सायराबीनं वहीकडे पाहिलं, मग अप्पांकडे पाहिलं. अप्पांना नेमका तेव्हाच खोकला आला.

"किती म्हणलात साहेब? चोवीस?"

"चोवीस."

"मग काय बाबा," ती भावाला म्हणाली, "सरकारी वही हाय. करावंच लागंल."

सरपंचांनी मान डोलावली. आयुबनं मुंबईला बायकोला तार केली, आणि परवापासून काम सुरू होणार होतं त्यात त्याचं नाव सव्वीसपैकी पहिल्या चोवीस दिवसांना लागलं.

पहिल्या दिवशी तो बूट घालून आला. दहाव्या पाटीला एक बूट गाळात राहिला. बूट काढायला वाकला तर चष्मा गेला. वरून बायका हसायला लागल्या, आणि खालून तो ओरडला, "हसा, हसा! कंपनीत माझ्या हाताखाली चाळीस माणसं हायत!" पायरीवरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "त्यातला एक बी आणला न्हाईस व्हय रं?" दुपारी तो कचेरीसमोरून गेला तेव्हा कमरेपासून खाली एकाच रंगाचा झाला होता. माझ्याकडे त्यानं असं पाहिलं की मी वहीत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी अनवाणी आला. चौथ्या दिवशी बुशशर्ट घरी राहिला. पाचव्या दिवशी ट्रान्झिस्टर बारवेच्या कठड्यावर येऊन बसला आणि सगळं गाव आपापली पाळी नसतानाही पाटी उचलायला येऊ लागलं. मला तर ते नियमाला धरून आहे की नाही हेही ठरवता येईना. आठव्या दिवशी मी पाहणीला गेलो तर आयुब सगळ्यांत खालच्या पायरीवर उभा राहून हुकूम सोडत होता. त्यानं लाकडाची एक कप्पी बसवली होती, पाट्या दोरानं सरसर वर येत होत्या, आणि रोजच्या दीडपट गाळ निघत होता. तो हसत होता. सायराबी वर लिंबाखाली बसून बघत होती, आणि तिच्या मांडीवर भाकरीचं फडकं तसंच होतं. किती वेळ ती तशी बसली होती कोण जाणे.

दहाव्या दिवशी जळकोटच्या सडकेवरून बैलगाडी आली. तीतून आयुबची बायको उतरली आणि मागोमाग तीन पोरं. चार दिवसांसाठी गेलेला नवरा महिनाभर येत नाही असं तारेतून कळलं, तेव्हा ती स्वतःच निघाली होती. सायराबीनं भावाची पोरं तोवर फोटोतच बघितलेली. धाकटीला तिनं कडेवर घेतलं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. गावभर हिंडली. आमच्याही दारात आली. "माजी भाची," म्हणाली, दुसरं काही बोललीच नाही. शारदानं पोरीच्या हातावर साखर ठेवली आणि आत येऊन डोळे पुसले. मी म्हणालो, "बघा, नियम पाळला की असं चांगलंच होतं." तिनं माझ्याकडे बघून नुसता सुस्कारा सोडला.

सतराव्या दिवशी माझा कपाळमोक्ष झाला.

दुपारी मी हजेरी घ्यायला बारवेवर गेलो होतो. वरच्या पायरीवर चन्नम्मा नावाची बाई पाट्या रिकाम्या करत होती. तिची जीभ भारी सैल. सायराबी जवळच बसलेली. चन्नम्मा तिला म्हणाली, "यव्वा! ह्या सालाला लई सुटलीस बघ. न्हाय तर दरसाल तुजी पाठ धरायची, आन तेल लावायला मला बोलवायचीस."

"कशानं पाठ धरायची?" मी विचारलं.

चन्नम्मानं जीभ चावली. पण मी नियमाचा माणूस, सोडतो काय! कुणाची पाठ, कधी, कशानं, सगळं विचारून घेतलं. अकरा वर्षं, दर वैशाखात दोन दिवस, आयुबच्या घरची पाळी सायराबीनं केली होती. वरच्या पायरीवर उभं राहून पाट्या ओढल्या होत्या. आणि वहीत काही नाही, कारण माझ्या आधीचे सेक्रेटरी बारवेत उतरलेल्या पुरुषांची तेवढी नावं लिहीत. वर पाट्या ओढणाऱ्या बायकांचा हिशेब अप्पांच्या डोक्यात असे. ठरावात तर 'घरच्या माणसानं' एवढंच होतं.

म्हणजे बाकी नव्हतीच. एका दिवसाचीसुद्धा नव्हती. आणि हे मी आणि आयुब सोडून सगळ्या गावाला माहीत होतं.

मी तडक अप्पांच्या ओसरीवर गेलो. रागानं माझा आवाज चिरकत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय की."

"मग मला का सांगितलं नाही?"

अप्पांनी पान जमवता जमवता माझ्याकडे पाहिलं. "तुमी इचारलं कुठं, साहेब? तुमी वही बघितली."

मी चपला पायात सरकवल्या. 

तिथून सायराबीकडे गेलो. ती अंगणात ज्वारी निवडत होती. भावजय आणि पोरं कुणाच्या तरी मळ्यात गेली होती.

"बाई, तुम्ही अकरा वर्षं राबलात आणि गप्प बसलात? मी तुमच्या भावाला विनाकारण सतरा दिवस चिखलात उभं केलं! उद्या कुणी तक्रार केली तर माझी नोकरी जाईल."

तिनं सूप खाली ठेवलं. घाबरली होती, पण बोलली मात्र स्पष्ट.

"साहेब, बारा वर्सांनी आला तो. चार दिवस म्हणून आला. त्यातला एक दिवस तुमच्या कागदाचा, एक तलाठ्याचा. म्या किती बी म्हणलं असतं, बाबा ऱ्हा, तर म्हणला असता, आपा, जहाज हाय, पोरं हायत, पुढल्या खेपंला. बहिणीला न्हाय म्हणता येतं. वहीला येत न्हाय. तुमी चोवीस म्हणलात आन माज्या मनात आलं, देवानंच पाठवला हा माणूस." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता सात दिवस ऱ्हायले. तेवढे दिवस गप बसा की. म्या तुमच्या पाया पडते."

मला आजवर कुणी देवानं पाठवलेला म्हटलं नव्हतं. घरी आलो, पण जेवण जाईना. एकीकडे खरा हिशेब कळूनही दाखला अडवून ठेवायचा म्हणजे धडधडीत खोटं. दुसरीकडे त्या बाईचे सात दिवस. आणि तिसरंच काहीतरी मला सगळ्यांत जास्त टोचत होतं. अकरा वर्षांचे बावीस दिवस एका बाईनं पाठ मोडून काम केलं होतं, आणि माझ्या लखलखीत दप्तरात त्याची एक ओळ नव्हती. कोरे रकाने दाखवून मीच तिच्यापुढे वही नाचवली होती. मला स्वतःची फार लाज वाटली.

सकाळी कचेरीत गेलो, बारवेची वही काढली, आणि बावन्नपासून बासष्टपर्यंत एकेका कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'पाळी पूर्ण. हस्ते सायराबी.' अकरा वेळा लिहिलं. अप्पांची साक्षीला सही घेतली. मग दाखला लिहिला, शिक्का मारला आणि बारवेवर गेलो. 

आयुब खाली होता. मी त्याला वर बोलावलं. काम थांबलं. मी दाखला त्याच्या हातात दिला आणि वहीतलं पान सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. 'हस्ते सायराबी' अकरा वेळा वाचलं, एकही गाळलं नाही. लिंबाखाली सायराबीनं डोळे मिटून घेतले होते.

 आयुब बहिणीजवळ गेला. चिखलाचे हात तसेच, तिचे दोन्ही तळवे त्यानं उलटे करून बघितले.

"आपा, पत्रात एकदा बी लिहवलं न्हाय तुमी."

"त्यात काय लिव्हायचं? पाणी पितो तर पाळी करावी लागती."

"आन हे सतरा दिवस? मला सांगायचं न्हाय?"

सायराबी खाली बघत राहिली. चन्नम्माच मधे पडली, "सांगितलं असतं तर थांबला असतास व्हय रं?"

 आयुबचा चेहरा रडवेला झाला आणि लगेच तो खदखदा हसायला लागला. रांगेतला पहिला माणूस हसला, मग पायऱ्यांवरचे सगळे हसले, बारवेच्या तळापासून हसण्याचा आवाज घुमून वर आला. मी सोडून सगळे हसत होते. मग मलाही राहवेना.

"सेक्रेटरीसाब," आयुब डोळे पुसत म्हणाला, "यंदाचे दोन दिवस माजे. मग पंधरा दिवस म्या जादा केले. ते पुढच्या साडेसात वर्सांचे आगाऊ जमा धरा."

"साडेसाती सुटली!" कुणीतरी ओरडलं.

"न्हाय!" सायराबी ताडकन उठली. एवढा मोठा आवाज मी तिचा तेव्हाच ऐकला. "आगाऊ जमा बिलकुल धरायचं न्हाय. साहेब, असा नियम हाय का?"

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी वही मिटली, चष्मा पुसला. माझ्या उभ्या नोकरीत नियम सांगताना मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

"ठरावात आगाऊ पाळीची तरतूद नाही," मी म्हणालो. "ज्या त्या सालाची पाळी ज्या त्या साली."

"ऐकलंस?" सायराबी भावाला म्हणाली.

त्यानं दाखल्याची घडी करून बायकोकडे दिली आणि परत खाली उतरला. "कप्पी म्या बसवलीय," म्हणाला, "दुसऱ्या कुणाला चालवता येणार न्हाय." उरलेले सात दिवसच नव्हे, तर सव्विसावा दिवस संपेपर्यंत तो राबला. मृगाच्या आधी सगळी मंडळी गाडीत बसून गेली. सायराबी सडकेपर्यंत पोचवायला गेली होती. रडली असेल, पण परत येताना मी पाहिली तेव्हा झपाझप चालत होती.

चौसष्टच्या वैशाखात बारवेचं काम निघालं. सायराबीच्या घरची पाळी आली त्या दिवशी मी हजेरीला गेलो तर ती लिंबाखाली पाय पसरून बसलेली.

"बाई, आज तुमची पाळी ना?"

"माजी कशाची? घर भावाचं हाय. ऱ्हाऊ द्या त्याच्या नावावर बाकी."

अप्पांना पुन्हा खोकला आला. मी 'परदेशस्थ मालक' या मथळ्याखाली दोन दिवसांची बाकी मांडली. तिच्या देखरेखीखाली, तांबड्या शाईनं.

पासष्टच्या फेब्रुवारीत कचेरीत बहारीनचं पाकीट आलं. आत एखाद्या वकिलाकडून लिहून घ्यावा तसा रीतसर अर्ज होता. 'मेहेरबान सेक्रेटरीसाहेब, ग्रामपंचायत करजवाडी, यांसी. अर्जदार परदेशस्थ मालक असून त्याचेकडे गतसालची व यंदाची मिळून चार दिवसांची पाळी बाकी असल्याचे भगिनीकडून समजते. तरी पाळीची नक्की तारीख कळवावी, म्हणजे अर्जदारास कंपनीकडे चार दिवसांच्या हिशेबाने सुट्टी मागता येईल.'

मी सायराबीला बोलावून अर्ज वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला. मग ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मी त्याच दिवशी उत्तर धाडलं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. 'आपली बाकी चार दिवसांची आहे हे खरे. परंतु पाणी तळाला केव्हा जाईल हे कचेरीस आगाऊ सांगता येत नाही. सबब आपण सहकुटुंब निदान दोन महिन्यांची रजा काढून यावे.'